हातचा

बोरखडी खुर्दची शाळा. दोनशिक्षकी, पट एकेचाळीस.
सेनगावहून निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं,
पोचलो तर परिपाठ आटोपलेला.
बॅगेत तक्ता: गणित अध्यापनाची गुणवत्ता,
बारा मुद्दे, दोन पानं, प्रत्येकी पाच गुण.

इंगोले बाईंनी पदरानं खुर्ची पुसली.
म्हणालो, बसत नाही, मागे उभा राहतो.
मागे उभा राहिलेला माणूस
पुढच्याला किती जड होतो
हे मला एकोणतीस वर्षांपासून ठाऊक आहे,
तरी उभा राहिलो.

तिसरी-चौथी एकाच खोलीत.
चौथीची तोंडं भिंतीकडे, गुणाकार दिलेले.
तिसरीला तोंडी गणित: बावन्न वजा सत्तावीस.
खिडकीजवळच्या पोरानं बावन्न लिहिले
ते पंचवीस असे.
त्याचं तरी काय चुकलं,
कानाला दोन आधी ऐकू येतो, पन्नास मागून.
पुस्तकात आता पन्नास दोन म्हणायची सोय आहे,
पण पारावर त्यावरून हसतात.

बाईंनी फळ्यावर मांडलं.
दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारच्या पाचाकडून एक दहा उसना घेतला.
'उसना' ठळक लिहिलं, खाली दोन रेघा.
संबोधाची स्पष्टता: मी चार गुण दिले.

तेवढ्यात दुर्वा कऱ्हाळे उठली.
"बाई, मंग त्यो वापस कधी द्यायचा?"

चौथीनंही तोंडं फिरवली.

"आमी शेजारून वाटीभर साखर आणली का
माय दुसऱ्या दिशी वापस धाडती.
रिकामी वाटी नाय धाडत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
निरीक्षकानं बोलू नये असा नियम आहे.
बाहेर शिजवणाऱ्या मावशी तांदूळ निवडत होत्या,
मी त्या तांदळाकडे पाहिलं.
गेल्या जूनमध्ये, प्रशिक्षणात,
साठ शिक्षकांपुढे हाच शब्द मी पडद्यावर दाखवला होता.
मला तो माझ्या गुरुजींनी दिला,
त्यांना त्यांच्या गुरुजींनी.
इतक्या पिढ्यांत कुणी वापस मागितला नव्हता.

शासनाची गणितपेटी कपाटात आहे, सील न फोडलेली.
मणी हरवला तर वसुली होते.
बाईंनी टेबलाखालून खताची पिशवी ओढली:
तुराटीचे बोटभर तुकडे,
दहा-दहाच्या मोळ्या, वर रबर.
पाच मोळ्या मांडल्या, दोन काड्या सुट्या.
एका मोळीचं रबर काढून मनगटात घातलं.
"कुणाकून आणलं का गं?"
"नाय."
"मग वापस कुणाला द्यायचं?"

दुर्वानं काड्या मोजल्या. बारा. पुन्हा मोजल्या.
"म्हंजी आपलंच सोडलं."
थोडं थांबून, नाराजच,
"मंग उसनं काहून म्हणायचं?"

बाईंनी डस्टर घेतलं. शब्द पुसला.
त्या जागी दुसरा लिहिला नाही,
पांढुरकं भगदाड तसंच राहिलं
आणि त्याच्याशेजारी उत्तर: पंचवीस.
खिडकीजवळचा पोरगा खुलला.
त्याचं केव्हाच आलं होतं.

मी तक्ता पुरा केला.
शासकीय साहित्याचा वापर: नाही, म्हणजे शून्य.
विद्यार्थी प्रश्न विचारतात का:
पाच. त्यावर जागा नव्हती.
संबोधाची स्पष्टता: चार खोडून दोन केले,
दोन खोडून पुन्हा चार.
तिथे कुणाचे गुण मांडत होतो,
बाईंचे की माझे,
हे शेऱ्यात लिहायला दीड ओळ होती.
लिहिलं: समाधानकारक.
खाडाखोडीशेजारी सही केली.
फोटो चढवायला रेंज मिळेना,
पाण्याच्या टाकीपर्यंत चालत गेलो.

आठ दिवसांनी तालुक्याहून तक्ता परत आला.
वर लाल शाईत: बेरीज चुकली आहे, दुरुस्त करून पाठवावे.

पहिलं पान अठ्ठावीस, दुसरं सतरा.
मी पस्तीस लिहिले होते.
आठ नि सात पंधरा,
पाच मांडले,
हातचा एक
कुठल्या बोटावर धरला होता
आठवेना.